टर्बो विकण्याआधी जुना टर्बो काउंटरवर घ्या

टर्बोवरचा व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला आणि तरी अर्धं बोलायचं राहिलं, म्हणून हे लिहितोय. व्हिडिओत फिटिंग दाखवलं, इथे धंद्याचं बोलू. जुन्या डिझेल गाडीचा टर्बो गेला की गॅरेजवाल्याने, पार्टवाल्याने आणि गाडीमालकाने नक्की कशाचे पैसे द्यायचे-घ्यायचे, याबद्दल माझं एक ठाम मत झालंय. आमच्या लाइनमधल्या काही मित्रांना ते अजिबात पटत नाही. चालेल.

मत असं: टर्बो का गेला हे सांगता येत नसेल तर नवीन टर्बो विकू नये. आणि का गेला हे शोधून देण्याचे वेगळे पैसे घ्यावेत. फुकट तपासणी बंद.

हे मला पुस्तकातून नाही सुचलं. एका माणसाचं नुकसान करून कळलं.

आमचे एक जुने ग्राहक आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. भाजीची वाहतूक. २०१२चं मॉडेल, अडीच लिटरचं टर्बो डिझेल पिकअप, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेलं. संध्याकाळी कराडहून माल भरून निघायचं, पहाटेच्या आत वाशी मार्केटला उतरवायचं, दुपारी परत. या गाडीचा मूळ टर्बो मार्चमध्ये गेला. आबांनी एका गॅरेजला साडेनऊ हजारांचा कॉपी टर्बो बसवला, मजुरी दोन हजार, गाडी दोन दिवस उभी. तो अडतीस दिवस चालला.

मग आबा माझ्याकडे आले. मी काय केलं? जे सगळे पार्टवाले करतात तेच. "आबा, स्वस्तातला घेतलात म्हणून गेला. चांगला घ्या." साडेसोळा हजारांचा दिला. त्यात मला दोन हजार तीनशे सुटले. त्यांच्या फिटरने बसवला, परत दोन हजार मजुरी, गाडी तीन दिवस उभी कारण फिटर लग्नाला गेला होता. बावीस दिवसांनी वाशीहून परत येताना खंबाटकीच्या चढाला गाडीने दम टाकला. आधी शिट्टी, मग मागे निळा धूर इतका की पाठीमागचा ट्रकवाला हॉर्न मारत बसला. टोइंगचे साडेचार हजार. दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले, टर्बो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "तुझा तर त्या स्वस्तातल्याएवढा बी टिकला नाही की रं."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी तो टर्बो सप्लायरकडे वॉरंटीला पाठवला. नामंजूर होऊन परत आला. शाफ्ट निळा पडलेला, बुश खरवडलेले: ऑइल मिळालं नाही, आमचा दोष नाही. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. मग मी स्वतः आबांच्या गाडीखाली गेलो. इंजिनाकडून टर्बोला ऑइल नेणारा जो बारीक पाइप असतो, फीड पाइप, तो काढून करवतीने उभा कापला. आत कार्बन चढून काडेपेटीतली काडीसुद्धा जाणार नाही एवढं भोक राहिलेलं. बाहेरून पाइप अगदी ठणठणीत.

नवीन पाइप बाराशे रुपये. ऑइल आणि फिल्टर मिळून अठ्ठावीसशे. म्हणजे चार हजारांचं काम न केल्यामुळे आबांचे दोन टर्बोचे सव्वीस हजार, मजुरीचे चार, टोइंगचे साडेचार, आणि पाच दिवस गाडी उभी. खर्च जाऊन दिवसाला बावीसशे सुटत होते, त्याचे अकरा हजार. बेरीज पंचेचाळीस हजार पाचशे. हा हिशोब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला तेव्हा मला जास्त लाज वाटली, कारण त्यातले साडेसोळा हजार माझ्या गल्ल्यात आले होते. बीबीएला ऑपॉर्च्युनिटी कॉस्टचं उत्तर लिहून मार्क घेतले होते. ती कॉस्ट कुणाच्या तरी घरातून जाते हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी टर्बोची बॉडी तीच ठेवून आतली कार्ट्रिज बदलली. खरेदी भावाने साडेआठ हजार. त्यातले निम्मे मी घातले. म्हणजे त्या टर्बोच्या नफ्यातून वजा करता मला एकोणीसशे पन्नासचा तोटा. एवढ्या स्वस्तात धडा मिळाला असं म्हणायला हरकत नाही, पण फी आबांनी भरली.

आता जरा मशीनबद्दल, कारण हे समजल्याशिवाय माझं पैशाचं म्हणणं पटणार नाही. इंजिन तीन हजार आरपीएमवर असतं तेव्हा टर्बोचा शाफ्ट एक लाखाच्या पुढे फिरत असतो. एका टोकाला सहाशे-सातशे डिग्रीचा एक्झॉस्ट, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारा पंखा. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत मधे बॉल बेअरिंग नसतं. साधे बुश असतात आणि शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी धातूला धातू लागतो. म्हणून टर्बो फार क्वचित स्वतःच्या मौतीने मरतो. त्याला कोणीतरी मारतं, आणि मारणारा गाडीतच बसलेला असतो. तुम्ही नवीन टर्बो बसवता, तो त्याच्याच ताब्यात देता.

कोणी मारलं हे जुना टर्बो सांगतो. म्हणून मी आता जुना टर्बो हातात आल्याशिवाय भावसुद्धा सांगत नाही. शाफ्ट निळा-काळा आणि बुश घासलेले असतील तर ऑइलची बोंब: फीड पाइप, जुनं घट्ट झालेलं ऑइल, कमी प्रेशर, किंवा घाट चढून आल्या आल्या गाडी बंद करायची सवय. तापलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह थांबला की ते तिथेच जळून कार्बन होतं. हवेच्या बाजूच्या पंख्याच्या कडा तुटलेल्या असतील तर काहीतरी आत गेलंय. नट, क्लिपचा तुकडा, मागच्या टर्बोचाच तुकडा. पाती पातळ होऊन कडा झिजल्या असतील तर धूळ. एअर फिल्टर हलका घेतलाय, किंवा फिल्टर चांगला आहे पण त्याच्या पुढचा रबरी होज चिरलाय. उसाच्या सीझनला आमच्याकडे शेतातल्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

आणि एक प्रकार असा की टर्बो ऑइल ओकतोय पण शाफ्टला काही झालेलं नाही. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टर्बोत रबरी ऑइल सील नसतं, पिस्टनला असतात तशा बारीक धातूच्या रिंगा असतात. ऑइल खाली चेंबरमध्ये मोकळं पडत असेल तोपर्यंतच त्या ऑइल अडवू शकतात. इंजिनच्या पिस्टन रिंगा झिजून चेंबरमध्ये गॅसचा दाब वाढला, ब्रीदर चोंदला, किंवा टर्बोचा ड्रेन पाइप दबला, तर ऑइल खाली जाणार कसं? ते बाजूने बाहेर पडतं. फिटर बघतो इंटरकूलरमध्ये ऑइल आहे, म्हणतो टर्बो गेला. नवीन बसवला की महिन्याभरात तोही ओकायला लागतो. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघडून बघा. भकाभका वाफा मारत असेल तर टर्बोचे पैसे खिशात ठेवा, आधी इंजिनचं बोला.

अजून एक, हे फिटर बांधवांसाठी. शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवला की थोडासा हलतो. त्यावरून "प्ले आलाय, गेला" असं सांगून कितीतरी चांगले टर्बो भंगारात घातले गेलेत. कोरड्या टर्बोत आडवा प्ले थोडा असतोच, कारण तिथे ऑइलच्या थराची जागा असते. पंखा बॉडीला घासतोय का ते बघा. आणि शाफ्ट पुढे-मागे, लांबीच्या दिशेने, हाताला जाणवेल एवढा सरकतोय का ते बघा. सरकत असेल तर मात्र खरंच गेला.

माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या दहा गाड्यांत दोन-तीन अशा असतात की टर्बोला काहीच झालेलं नसतं. गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर मारते, कोणीतरी सांगितलेलं असतं टर्बो गेला. निघतो काय, तर इंटरकूलरचा होज क्लिपजवळ फाटलेला. गाडी उभी असताना चीर दिसत नाही, दाब आला की उघडते. किंवा वेस्टगेटची दांडी गंजून अडकलेली. पाचशे-सातशेचं काम.

आता इथे धंद्याचा मुद्दा येतो. मी तपासणीचे सहाशे रुपये घेतो. आणि ते पुढे टर्बोच्या बिलात वळते करून देत नाही. यावरून माझे मित्र माझ्याशी भांडतात. म्हणतात, "घे, पण पार्ट घेतला तर वजा कर, ग्राहक खुश." मी म्हणतो, वजा केलं की आपण पुन्हा फुकटात आलो, आणि फुकट तपासणाऱ्याचं पोट पार्ट विकण्यावरच चालतं. मग त्याच्या तोंडून "बदला" हेच निघणार. माणूस वाईट असतो म्हणून नाही. गल्ल्याची रचनाच तशी आहे. माझ्या बाबतीत आबांचं तेच झालं. मी खोटं बोललो नव्हतो, मी फक्त खाली वाकून बघितलं नव्हतं, कारण वाकण्याचे पैसे नव्हते आणि टर्बोत दोन हजार तीनशे होते.

तोटा होतो का? होतो. पहिले दोन-तीन महिने माणसं समोरच्या दुकानात गेली. "नुसतं बघायचे सहाशे?" म्हणून हसली. माझी टर्बोची विक्री कमी झाली आणि अजूनही आधीएवढी नाही. पण वॉरंटीच्या भांडणात जाणारे माझे दिवस वाचले, आणि फीड पाइप, गॅसकेट सेट, ऑइल, फिल्टर, होज हा माल आता प्रत्येक टर्बोबरोबर जातो. आधी नुसता टर्बो जायचा आणि परत यायचा. कुणी विचारेल, हासुद्धा माल विकायचाच प्रकार झाला ना? झाला. पण हे न घेता मी टर्बो देत नाही, आणि दिला तर बिलावर लिहून देतो की वॉरंटी नाही. बिलाचं निघालंच म्हणून सांगतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्ट्सवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. आता तरी कच्च्या चिठ्ठीवर टर्बो घेऊ नका. चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही.

बरं, मग जुन्या गाडीला कुठला टर्बो घ्यायचा? कंपनीचा नवीन, कॉपी, की कार्ट्रिज बदलायची? माझं उत्तर गाडीच्या उरलेल्या आयुष्यावर असतं. ट्रान्सपोर्टची गाडी आठ वर्षांच्या वर गेली की दरवर्षी फिटनेस करावा लागतो. मी मालकाला विचारतो, दादा, अजून किती फिटनेस काढायचे आहेत? चार-पाच वर्षं चालवायची आणि रोजची लांबची ट्रिप असेल तर कंपनीचाच घ्या. दोन वर्षांत काढायची असेल आणि जुन्या टर्बोची बॉडी, एक्झॉस्टकडचं घर तडकलेलं नसेल तर चांगली कार्ट्रिज पुरते. फक्त ती बॅलन्स करून आलेली हवी, आणि दुकानदाराने बॅलन्सिंगचा कागद दाखवायला हवा. लाखाच्या वर फिरणाऱ्या शाफ्टला अंदाजाने बॅलन्स करता येत नाही. साध्या वेस्टगेटच्या टर्बोला हे जमतं. आतल्या पात्या हलणारा व्हीजीटी टर्बो असेल तर गावात उघडू नका. त्याचं सेटिंग मशीनवरच होतं. कॉपी मी ठेवत नाही. सगळ्या कॉपी वाईट असतात असं नाही, पण कुठली बरी ते मला ओळखता येत नाही, आणि जे ओळखता येत नाही ते मी विकत नाही.

अपग्रेडवाल्या पोरांबद्दल. रील बघून येतात, "दादा, मोठा टर्बो टाकायचाय, गाडी उडली पाहिजे." अरे, टर्बो फक्त हवा देतो. हवेबरोबर डिझेल वाढवलं नाही तर ताकद कुठून येणार? आणि डिझेल वाढवलं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं, हेड गॅसकेट, पिस्टन, क्लच सगळ्यांवर ताण येतो. ते सगळे आधीच दोन-अडीच लाख किलोमीटर दमलेले असतात. वर मोठा टर्बो फिरायला उशीर लावतो. म्हणजे सिग्नलला आणि घाटाच्या वळणात, जिथे भरलेल्या गाडीला खालून ओढ लागते, तिथेच गाडी मेलेली. काळा धूर मारायला लागली की पीयूसी नाही. गाडीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये येतं, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. शौकाची गाडी असेल तर तुमचा तुम्ही विचार करा. ज्या गाडीवर घर चालतं तिला मी मोठा टर्बो देत नाही.

तरी अपग्रेड करायचंच असेल तर पैसे इथे घाला: नवीन फीड पाइप, चांगले होज आणि क्लिपा, आतून धुतलेला इंटरकूलर, आणि एक ऑइल प्रेशरचा मीटर. मीटर आबांच्या गाडीला लावला. इंटरकूलर धुणं तर टाळूच नका. फुटलेल्या टर्बोचे तुकडे आणि ऑइल तिथेच जाऊन बसतं. तुकडे इंजिनात जातात ते वेगळं, पण साठलेलं ऑइल एकदम ओढलं गेलं की इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. सगळं गॅरेज बाहेर पळालं होतं.

फिटिंगचं व्हिडिओत आहेच, तरी दोन गोष्टी परत. नवीन टर्बोच्या ऑइलच्या तोंडात ऑइल भरा, पंखा हाताने फिरवा, मग डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, प्रेशर दिसेपर्यंत. चालू झाल्यावर काही मिनिटं आयडलला ठेवा, रेस करू नका. आणि ऑइलच्या फ्लँजला पेस्ट लावू नका, कृपा करून. गॅसकेट साठ रुपयांना मिळतं. बाहेर जेवढी पेस्ट दिसते तेवढीच आत गेलेली असते, आणि ती सुटून ऑइलच्या भोकात बसते.

आबांच्या गाडीला कार्ट्रिज बसवून आता चौदा महिने झाले. ऑइल दर दहा हजारांना बदलतात, आधी सोळा-सतरा हजार ओढायचे. घाट चढून चहाला थांबले की इंजिन दीड-दोन मिनिटं चालू ठेवतात. सोबतचा पोरगा विचारतो गाडी बंद का करत नाही, तर म्हणतात, "थांब, तिला श्वास घेऊ दे." मागच्या महिन्यात ते त्यांच्या भाच्याला घेऊन आले, त्याच्या ४०७ची तक्रार होती. भाचा म्हणाला, "सहाशे रुपये कशाचे?" मी काही बोलायच्या आत आबांनी काउंटरवरचा तो कापलेला पाइप उचलून त्याच्या हातात दिला.

भाच्याच्या गाडीचा होज फाटलेला निघाला. साडेसातशे रुपये, तपासणीचे सहाशे वेगळे. टर्बो विकला गेला नाही. पुढच्या व्हिडिओत तो होज दाबाखाली कसा उघडतो ते साबणाचं पाणी मारून दाखवतो.